फुलावर आलेलं गवत

दवाखान्यात सुईच्या खोलीबाहेर जैनबबीचं नाव पुकारलं गेलं आणि अब्दुल गफ्फारने बायकोचा हात धरला. पण तो खोलीकडे वळला नाही, बाहेरच्या दाराकडे निघाला.

"कुठं चालले गफ्फारभाई?" बाकावरून गोवर्धनने विचारलं.

"घरी. हिच्या छातीत गाठ हाय म्हंतात. सुई टाकून तुकडा काढून पाह्यतो म्हंतात. तुमीच तर सांगतलं होतं न भाऊ, फुलावर आलेलं गाजरगवत उपटलं का बी वावरभर उडते. गाठीले हात लावूच नाही."

गोवर्धनची मान खाली गेली. वाक्य त्याचंच होतं. मूर्तिजापूरच्या बाजारात गफ्फारची केळीची गाडी आणि गोवर्धनचं भाजीचं दुकान शेजारी शेजारी. आठ महिन्यांपूर्वी गोवर्धनच्या बायकोच्या, शकुनच्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ निघाली, तेव्हा त्याने हेच वाक्य साऱ्या बाजाराला ऐकवलं होतं. लोकांनी माना डोलावल्या होत्या. गवतातलं त्याला कळत होतं, यात शंकाच नाही. पण तीच अक्कल त्याने बायकोच्या छातीवर चालवली. सुई रद्द झाली आणि घरी जडीबुटीचा काढा सुरू झाला.

आज सकाळी अकोल्याच्या या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो दाखवला. रोग शकुनच्या मणक्यात उतरला होता.

"पण आमी तं सुई लावलीच नाही," गोवर्धन म्हणाला.

"रोग सुईची वाट पाहत नाही," बाई म्हणाल्या. "गाठीतल्या पेशी आपल्या आपणच सुटतात, रक्तातून अंगभर फिरतात. बऱ्याच मरून जातात. जिथली जागा मानवते, तिथे रुजतात. यांच्या हाडात त्यांना तशी जागा मिळाली."

हे गोवर्धनला इतर कोणाहीपेक्षा लवकर समजलं. खारट चोपण जमिनीत जी मेथी उगवत नाही, तीच गाळाच्या वावरात कशी तरारून येते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. जन्मभर तो जमीन पाहूनच बी टाकत आला होता. इथे मात्र बी आठ महिने पडत राहिलं आणि तो काढा उकळत बसला.

"इतके दिवस का थांबलात?" बाईंनी विचारलं.

"मीच भेली सुईले," शकुन म्हणाली. आणि गोवर्धनने मान हलवली. होय म्हणून हलवली.

आता ती त्याच्या शेजारी, पाठीला उशी लावून, आपल्या हातांकडे पाहत बसली होती. आतून जैनबबीच्या नावाचा दुसऱ्यांदा पुकारा झाला.

"गफ्फारभाई, नेऊ नका भाबीले. सुई लावून घ्या," गोवर्धन कसाबसा म्हणाला.

"मंग वहिनीले कावून नाही लावली?"

उत्तर तयार होतं. सकाळीच शकुनने त्याच्या हातात ठेवलं होतं. 'तेच भेली सुईले' एवढं म्हटलं की भागत होतं.

"मी लावू नाही देली!" गोवर्धन इतक्या मोठ्याने बोलला की व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. "ते तयार होती. अशाच खोलीच्या दारातून मीच तिले उठवून आणली. तुमी भाबीले आता नेऊन राह्यले न, अगदी तशीच. आज दुखणं मणक्यात गेलं. माह्यापायी गेलं."



जैनबबीने नवऱ्याच्या हातातून आपला हात सोडवला आणि ती सरळ खोलीत गेली. गफ्फार तिच्या मागे दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

गोवर्धन बाकावर बसला. शकुनकडे पाहायची त्याची हिंमत होईना. ती पाठीची उशी नीट करत हळूच म्हणाली, "मले वाटलं होतं, हे तुमी मी गेल्यावरच सांगसान."