हूणांची बाजू

“हूणांबद्दल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं,” वामनराव म्हणाले.

शाम राठोड सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री ओढत होता. तीस वर्षांनी इतिहासाचे गुरुजी महागावहून ऑटो करून तांड्यावर आले, ते हे सांगायला? त्यानं हात पुसले, खाट टाकली आणि मुलीला, राखीला, चहा ठेवायला सांगितलं.

“निवृत्त झाल्यावर बरंच नवं वाचलं,” वामनराव सांगू लागले. “आपण त्यांना नुसते लुटारू म्हणतो. पण त्यांच्याबद्दल बहुतेक लिहिलं ते त्यांच्याशी लढणाऱ्यांनी. त्यांची नाणी आहेत, शाम. त्यांच्या राजवटीत देऊळ बांधल्याचा शिलालेख आहे. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.”

“वर्गात त् तुमी मलेच हूण म्हणलं होतं.”

“म्हणूनच आलो.”

शाम आठवीत असताना शाळेची दुर्बीण नाहीशी झाली. तांड्यावरचा पोरगा म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. ‘हूण आले आणि घेऊन गेले,’ वामनराव दुसऱ्या दिवशी भर वर्गात म्हणाले. पोरं खदखदून हसली. शामला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. मग तो शाळेत गेलाच नाही, ऊसतोडीला गेला.

चहा आला. वामनरावांनी कप हातात घेतला.

“तो शब्द माझा होता. माफ कर.”

शामनं आपला कप खाली ठेवला.

“शब्दाचं काही नाही, गुरुजी. दोन साल झाले, माय गेली. दवाखान्यात शुद्ध होती तोवर इचारत होती, ‘खरं सांग, तू नेलती का रे?’ मी नाही म्हणो. ती डोळे मिटून घे.”

शामनं गुरुजींकडे सरळ पाहिलं.

“दुसऱ्या कोनाचं नको मले. तुमी मानता का, मी चोर नव्हतो?”

“मानतो.”

शामचे डोळे भरून आले. त्यानं राखीला हाक मारून जवळ बसवलं. “आईक, गुरुजी काय म्हणून राह्यले ते.” मग त्यानं सहज विचारलं, “पन गुरुजी, तुमाले हे कवा पटलं? ते सारं वाचल्यावर?”

“नाही,” वामनराव म्हणाले. “दुर्बीण गेली, त्याच दिवशी संध्याकाळी. माझ्या पोराच्या दप्तरात सापडली होती.”