पहिला रकाना

पडद्यावरच्या करड्या मेंदूत, नेमका आठवणींच्या जागी, नारिंगी ठिपका पेटला आणि ती खुर्चीतून उठलीच. आधी दोनदा बघावं, मग बोलावं, असं ती स्वतःच नव्या पोरांना शिकवायची. पण आईचं विसरण्याचं दुखणं घरात असलं की कुठलं शहाणपण अन् कुठलं काय! तिनं सरळ बाबांना फोन लावला.

"बाबा, आईची गोळी बंद करू नका. गोळी घेणाऱ्यांचा मेंदू कमी झिजलाय. आत्ताच बघितलं मी."

"अगं, पण त्या गोळीनं तिला घास जात नाही. सारखी ओकते. मी तर आजपासून सोडायचीच म्हणत होतो."

"काही झालं तरी द्या. माझं ऐका."

"बरं बाई. तू म्हणतेस तर देतो."

काम तसं साधं. दोन गट, एकाला खरी गोळी, आई घेते तीच, दुसऱ्याला नुसती पिठाची. वर्षानं सगळ्यांच्या मेंदूचे स्कॅन. प्रत्येक गटाचा एक रकाना; एका रकान्यापुढे अधिक एक लिहायचं, दुसऱ्यापुढे उणे एक, की कॉम्प्युटर वजाबाकी करतो आणि अधिकवाल्यांचा मेंदू जिथे जास्त शाबूत, तिथे रंग भरतो. तिनं पहिल्या रकान्यापुढे अधिक लिहिलं होतं. खरी गोळी पहिल्या रकान्यात, हे ती धरूनच चालली होती.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. ठिपका बघून त्यानं शीळ घातली. मग अगदी सहज विचारलं, "पहिल्या रकान्यात कोण आहेत गं?"

"गोळीवाले. दुसरं कोण असणार?" म्हणत तिनं रकाना उघडला.

पिठाच्या गोळीवाले होते.

तिनं चिन्हांची अदलाबदल केली, देवा देवा म्हणत बटण दाबलं. मेंदू करडाच राहिला. औषधाला म्हणून एक ठिपका नाही. पिठाच्या गोळीवर असलेले टिकले होते. खरी गोळी घेणारेच जास्त झिजले होते.

"अगं, होतं असं, सगळ्यांचंच होतं," सहकारी म्हणाला. "कुणाला सांगितलं नाहीस ना अजून?"

तिनं पुन्हा फोन लावला.

"बाबा, ऐका, ती गोळी..."

"दिली की!" बाबांचा आवाज कधी नव्हे तो खुलला होता. "तोंड घट्ट मिटून बसली होती. म्हटलं, पोरीनं स्वतः बघितलंय, आता सोडायचं नाही. नाक दाबून घातली शेवटी. थांब, तिलाच देतो."

"बाबा, नको, आधी माझं..."

फोन हातातून हातात गेला होता. पलीकडे कुणीतरी खोकलं. मग आईचा बारीक, भ्यायलेला आवाज आला.

"गिळली हो बाई मी. आता पुन्हा नका सांगू त्यांना."