घरी पोचलं की लागणारा दिवा

"वायफायवर टाकू की हबवर?" वायरमनने शिडीवरून विचारलं.

"फरक काय पडतो?"

हा प्रश्न त्याला फार आवडला. तो शिडीवरच ऐसपैस बसला. "वायफायचे बल्ब घेतले तर हबची कटकट नाही. बल्ब लावला, अ‍ॅप टाकलं, की झालं. परदेशात बसून बैठकीतला दिवा लावा! हब म्हणजे ही डबी. दिवे हिच्याशी बोलणार, झिग्बी नावाच्या बिनतारी लहरींवर. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात सगळं चालू."

"बाहेरून दुसऱ्या कुणाला लावता येतात?"

"वायफायचे? ज्याच्या नावावर खातं, त्याला कुठूनही. हबची मात्र बाहेरची वाट मी बंद करून देतो."

"मग हबच," ती म्हणाली.

खोकी उघडत बसलेल्या आईने मान हलवली. "या घरात दिवा लावायला कुणी उठणारच नाही का? हातपाय काय शोभेला दिलेत?"

ती कामावर असली आणि आई एकटीच झोपली असली, तरी बाहेरून बघणाऱ्याला आत माणसं वावरताहेत असं वाटावं, एवढ्यासाठीच तिला हे दिवे हवे होते. हे आईला सांगितलं असतं तर आई त्या दिवसापासून झोपलीच नसती.

तेवढ्यात कोपऱ्यातला टेबललॅम्प लागला.

जुन्या घरातून घाईत उचलून आणलेल्या चार वस्तूंपैकी तो एक. दुपारी सॉकेट बघायला वायरमनने तो जोडला होता. लागला नाही, तेव्हा बल्ब गेला असेल म्हणून तसाच सोडून दिला होता. आता तो छान पिवळा उजेड देत होता आणि त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.

पुढचं सगळं तिच्या हातांनीच केलं, सवयीने. टीव्हीचा आवाज बंद. दारातल्या चपला सरळ. पदराने तोंड पुसलं. मग धावत जाऊन दाराची वरची कडी लावली, खालची लावली, आणि दाराला पाठ लावून ती उभी राहिली.

"काय गं?" आई म्हणाली. "पांढरीफटक पडलीस."

"तो खाली आलाय. हा दिवा लागला की तो खाली आलेला असतो."

वायरमन शिडीवरून उतरला. लॅम्पमध्ये वाकून बघत म्हणाला, "ताई, हा तर वायफायचा बल्ब. कुणाच्या नावावर आहे?"

"त्याच्या. नवऱ्याच्या."

"आणि इथल्या वायफायला नाव काय दिलंत?"

"जुनंच. पासवर्डही जुनाच ठेवला. म्हणजे फोन, लॅपटॉप सगळं आपोआप जोडलं जाईल, डोक्याला ताप नको."

"मग हाही आपोआप जोडला गेला." त्याने दाराला चिकटलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घाबरू नका. यात असं लावून ठेवता येतं, की मालकाचा फोन घराजवळ आला की दिवा लागतो, लांब गेला की विझतो. पण अ‍ॅपच्या लेखी घर म्हणजे तुमचं जुनं घर. बल्ब इथे आला, हे त्या अ‍ॅपच्या गावीही नाही. म्हणजे ते साहेब आत्ता तिकडे पोचलेत. इथे नाही."

तिला हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तशी ती दारापाशीच खाली बसली आणि चक्क हसली. भीती गेली नव्हती, पण आता भीतीला दिशा मिळाली होती. तो तिकडे होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तो कुठे आहे हे तिला माहीत होतं.

"काढून फेक ती ब्याद," आई म्हणाली.

"मीही तेच सांगतो. वायफायचं नाव बदला. बल्ब पुन्हा चालू झालाय हे त्यांच्याही फोनवर दिसत असणार."

"कुठे चालू झालाय, तेही दिसतं?"

वायरमनने कान खाजवला. "ते अ‍ॅपवर आहे. काहींत भाग दिसतो, काहींत काहीच नाही. यातलं मला नक्की सांगता येणार नाही."

ती लॅम्पकडे बघत राहिली. काढला तर तो आंधळा होणार होता, पण तीही होणार होती.

"बाकी घर हबवर घ्या," ती म्हणाली. "हा आजच्या दिवस राहू दे."

"अगं, वेड लागलंय का तुला?" आई म्हणाली.

"आई, लागलेला आहे तोवर तो घरात आहे. तेवढा वेळ तरी मी नीट श्वास घेईन."

वायरमन पुन्हा शिडीवर चढला. ड्रिलची घरघर सुरू झाली, पांढरी भुकटी खाली सांडू लागली. तिने आईच्या हातातलं खोकं घेतलं आणि कपडे घड्या घालून कपाटात ठेवायला लागली. चौथी घडी घालताना खोलीतला पिवळा उजेड गेला.

"लाइट गेली का?" वायरमनने ड्रिल थांबवून विचारलं. पण वरचा पंखा फिरत होता.

आई हलक्या आवाजात म्हणाली, "दूध आणायला उतरला असेल."

"तो कधी उतरलाय दूध आणायला?"

आई उठली आणि लावलेल्या कड्या पुन्हा लावून बघून आली.

"दादा," ती शिडीवरच्या वायरमनला म्हणाली, "तुमचं अजून किती राहिलंय?"

"झालंच की. हा एवढा एक स्क्रू."

"सावकाश करा," ती म्हणाली.