कपाटांवरचे दहा फूट

“वरचं राहू द्या, बाई. बाकी काय हवं ते करा,” काका तिसऱ्यांदा म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले.

शिडीवरचा सुतार थांबला. त्याच्या हातात कपाटावरून उचललेली चेपकी किटली होती. ती खाली द्यावी की परत ठेवावी, हे त्याला कळेना. खाली उभ्या असलेल्या सजावटवाल्या बाईने डोक्याला हात लावला.

आजवर तीनशे स्वयंपाकघरं तिच्या हाताखालून गेली होती. भिंतीवरच्या कपाटांच्या वर, छताखाली जी हात-दीड हात जागा उरते, ती सजवणं हा तर तिचा हातखंडा. तिचा नियम एकच. ओट्यापाशी ताठ उभं राहायचं, मान जराशी वर करायची. जे दिसेल ते देखणं हवं. इथे जे दिसत होतं ते पाहून भंगारवाल्यानेसुद्धा नाक मुरडलं असतं. पालथी परात, कान तुटलेली कढई, बुटांचं खोकं, कागदात गुंडाळलेल्या विटा. एक पुढे, एक मागे, एक तिरकं. मागच्या भिंतीत छतालगत काचेची अरुंद पट्टी होती. तिचा उजेडही या पसाऱ्याने अडवून धरला होता.

“तुमच्या मुलानेच सांगितलंय ना, काका,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “टोपल्या आणल्यात, वेल आणलीय, पिवळे दिवे आणलेत. तासाभरात घर ओळखू येणार नाही.”

“त्याचीच तर भीती आहे.”

मग काकांनी आवाज खाली आणला. मागे मुलाने हौसेने हे सगळं उतरवून पुसायला घेतलं होतं, तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. चार वर्षांपासून त्या बाहेरच्या खोलीत पलंगाला खिळलेल्या. मान एकाच बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली. तिथून दिसेल तेवढंच त्यांचं जग. पोटात अन्न नाही म्हणून औषधही देता येत नव्हतं. “पुन्हा तसं झालं तर ती काही त्यातून उठायची नाही,” काका म्हणाले.

बाई विरघळली, पण अर्धीच. बायकांचा जीव जुन्या भांड्यांत अडकतो, हे तिला नवं नव्हतं. अशा वेळी ती थेट घरच्या बाईशी बोलायची आणि दहांतल्या नऊ घरी भांडी उतरायची. ती बाहेर गेली आणि पलंगाशेजारी गुडघे टेकून बसली.

“काकू, भांडी टाकत नाही हो. बांधून तुमच्या पलंगाखाली ठेवते, अगदी हाताशी.”

काकूंना हसू आलं. “वेडी गं,” त्या सावकाश म्हणाल्या, “भांडी कुणाला हवीत? खाली ये. अजून खाली.”

तिने मान वाकवली. काकूंनी एका बोटाने तिची हनुवटी दाराकडे वळवली आणि तिचा गाल उशीला टेकला.

समोर डोंगर होते.

कपाटांच्या कडेमागे भांड्यांचे तळ लपले होते. काचेतल्या उजेडाने वरचा भाग काळानिळा केला होता आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगच्या रांग उभी होती. पठार, कडा, खिंड, त्यामागे आणखी एक धूसर रांग. तिने डोकं उचललं, तर पसारा. पुन्हा टेकवलं, तर डोंगर. तिच्या अंगावर काटा आला. फक्त मधोमध एक जागा रिकामी होती.

“सुळका गेला,” काकू पुटपुटल्या.

“दादा, किटली ठेवा आधी!” बाई उशीवरूनच ओरडली. “डावीकडे. अजून जरा. तोटी वर करा, वर! हां, बस्स.”

सुतार चक्रावून खाली पाहत राहिला. गिऱ्हाइकाच्या पलंगावर डोकं ठेवून हुकूम सोडणारी मालकीण त्याने आजवर पाहिली नव्हती.

“जुन्या घराच्या मागच्या दारातून दिसायचे तसेच आहेत,” काका संकोचून म्हणाले. त्यांची अख्खी नोकरी मोजणी खात्यात गेली होती. हे डोंगर त्यांनी पायाखाली घातले होते, साखळी लावून मोजले होते. रांग जुळायला तरी वर्ष लागलं. स्टुलावर चढायचं, एक भांडं तसूभर सरकवायचं, उतरून काकूंना विचारायचं.

“मुलाला का नाही सांगितलं?”

“सांगून कळतं होय? त्याने इथे डोकं टेकवायला हवं ना,” काकू म्हणाल्या.

रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, कढईमागून एक पितळी झाकण अर्धं वर आलं होतं. “आणि तो सूर्य,” ती म्हणाली. तिचा आवाज आपोआप हळू झाला होता.

“तो रोज हलतो,” काका म्हणाले. “सूर्य काय रोज एकाच जागी उगवतो? कधी बोटभर सरकवतो, कधी केसभर. या दहा फुटांत सहा महिने बसतात.”

दहा फूट. ते माप सकाळी तिनेही घेतलं होतं, टोपल्या किती बसतील ते पाहायला. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त नवल वाटलं. एवढ्याशा जागेत एका माणसाने दुसऱ्यासाठी सबंध वर्ष मांडून ठेवलं होतं, आणि ती तिथे खोटी वेल सोडायला निघाली होती.

मग तिला दिसलं, झाकण उजवीकडच्या भिंतीला टेकलं होतं.

“काका, पुढे तर जागाच नाही!” ती धडपडत उठून बसली. “आता उद्या काय करणार?”

काकांनी पलंगाकडे पाहिलं.

“उद्या मागे फिरेल,” काकू म्हणाल्या. “आता दिवस मोठा होत जाईल.”