अर्धी धडधड

वैजयंतीच्या छातीतली अर्धी धडधड परभणीच्या उद्धवबुवांच्या छातीत उतरायची. ऑफिसच्या ताणावरचा ऑनलाइन उपचारच तसा होता. दोघांच्या मनगटाला पट्टी, आणि एकाची धास्ती दुसऱ्याने निम्मी वाटून घ्यायची.

"बुवांमुळे किती हलकं वाटतं!" ती म्हणाली की निरंजनच्या पोटात दुखायचं. नवरा असताना परका माणूस हवाच कशाला? शेवटी त्याने बुवांना फोन लावलाच.

"माझ्या बायकोचा ताण मी घेईन. तुम्ही आपलं कीर्तन सांभाळा!"

"घ्या की हो, राजे," बुवा हसले. "दिवसभर तिला फारसं काही नसतं. पण सात वाजता मी कीर्तनाला उभा राहिलो, की छाती अशी धडधडते, अभंग अर्ध्यावर राहतो बघा! सातला काय असतं हो तिथं?"

सातला निरंजन घरी पोचायचा.

दुसऱ्या दिवशी 'उशीर होईल' असं वैजयंतीला कळवून तो सोसायटीच्या बाकावर बसून राहिला. साडेआठला त्याने बुवांना विचारलं, "आज कशी आहे ती?"

"अगदी शांत! आज कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू!"

निरंजनने वर पाहिलं. खिडकीत दिवा होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि तिची शांतताही बुवांच्याच वाट्याला गेली होती.