वर्लिनच्या हिरवळीची कड

दर शनिवारी वर्लिन गवतकापणीचा ट्रिमर आडवा न धरता उभा धरायचा आणि फुटपाथलगतची हिरवळीची कड कापायचा. या शनिवारी ती आधीच कापलेली होती. अगदी सुतात, पण वीतभर आत, घराच्या बाजूला.

"ऑर्व्हिल, माझ्या हिरवळीला हात कुणी लावायला सांगितला तुला?" तो कुंपणावरून शेजाऱ्यावर खेकसला.

"मी? अरे, माझंच गवत गुडघ्याला लागलंय, ते कापा म्हणून पालिकेची नोटीस आलीय!" ऑर्व्हिल हसला. "तूच रोज उजाडता उजाडता मशीन कोकलवतोस की."

वर्लिनला ते पटलं नाही. पण गॅरेजमधल्या ट्रिमरच्या रिळात, गेल्याच रविवारी गच्च भरलेली, गरगर फिरून गवत छाटणारी नारिंगी नायलॉनची दोरी बोटभरच उरली होती.

त्यानं नवी दोरी भरली, रीळ काढून उशीखाली ठेवलं, खोलीला आतून कडी लावली. आता बघू या लबाडाला, असं म्हणून तो झोपला.

सकाळी कडी तशीच होती. दारापासून पलंगापर्यंतचा गालिचा सुतात कापलेला होता, अन् त्यावर नारिंगी तुकडे विखुरले होते.

त्यानं उशीखाली हात घातला. रीळ रिकामं होतं, आणि गरम.