मधली रेषा

आर्लिस गेल्याचं आणि शाळांचा संघ मोडल्याचं गावाला एकाच दिवशी कळलं.

त्या सकाळी आर्लिसचा नवरा हार्लन सोसायटीच्या दुकानात कॉफी प्यायला गेला. घरात कॉफी तीच करायची. टेबलाशी बसलेले लोक उठून उभे राहिले. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी कॉफी पुढे सरकवली. शेवटी शेजारचा मर्ल म्हणाला, "काल मतदान झालं म्हणे. संघ मोडला." सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या गोष्टीबद्दल काय बोलायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. संघाबद्दल सगळ्यांनाच बोलता येत होतं.

ट्विन क्रीक संघ म्हणजे आयोवातल्या आठ लहान गावांच्या हायस्कुलांनी आपसांत सामने खेळण्यासाठी केलेली जूट. पुढे गावं ओसरत गेली. एक शाळा दुसरीत मिळाली, दुसरी तिसरीत. गणवेशांचे रंग बदलले. शेवटी तीन शाळा उरल्या आणि तिघींत हंगामही भरेना. त्यांच्या गावाच्या, होम्बीच्या शाळेचं जुनं क्रीडागृह जूनमध्ये पाडायचं ठरलं. त्याआधी मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बास्केटबॉलचा निरोपाचा सामना होणार होता. सामन्यानंतर जुन्या खेळाडूंनी एकेक करून बास्केटमध्ये शेवटचा चेंडू टाकायचा होता.

आर्लिस होम्बीकडून चार वर्षं खेळली आणि तिच्या नावावर एकही बास्केट नव्हती. यात तिचा काही दोष नव्हता. त्या काळी तिकडे मुलींचा खेळ सहाजणींचा असे. तिघींनी एका अर्ध्या मैदानात बास्केट करायच्या, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या मुलींना अडवायचं. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. आर्लिस अडवणाऱ्यांतली. चेंडू हिसकावायचा, फार तर दोनदा आपटायचा, रेषेपलीकडे फेकायचा आणि मग रेषेवर उभं राहून बघायचं. क्रीडागृहाच्या भिंतीवरच्या फलकावर बास्केट करणाऱ्यांची नावं होती. सगळ्यात वर आर्लिसच्याच वेळची डोर्ला हिन्रिक्स. आर्लिसचं नाव कुठंच नव्हतं.

हार्लन शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटला. "तिच्या वाटणीचा चेंडू मी टाकतो," तो म्हणाला. ते हो म्हणाले.

कोठाराच्या दारावर मुलं लहान होती तेव्हाचं बास्केटचं कडं होतं. जाळी कधीच कुजून गेली होती. हार्लन रोज गुरांचं उरकलं की तिथं चेंडू मारत राहायचा. मर्ल कुंपणापलीकडून बघायचा.

"कुठल्या शाळेनं घेतलं रे तुला?"

"गप बस. तो चेंडू आण बघू."

"कंबर धरली तर मी उचलायला येणार नाही, आत्ताच सांगतो. माझी पेरणी आहे."

पण चेंडू तो आणून द्यायचा. मे उजाडेपर्यंत चेंडू कड्यात पडायला लागला. भिंत पडायच्या आत तिच्या नावावर एक बास्केट. हार्लनला त्याहून जास्त काही नको होतं.

शनिवारी क्रीडागृह भरून गेलं होतं. सामना संपला आणि नावं पुकारायला सुरुवात झाली. म्हाताऱ्या बायका काठ्या बाजूला ठेवून चेंडू टाकत होत्या, चुकल्या की स्वतःच हसत होत्या. मग आर्लिसचं नाव घेतलं. हार्लन चेंडू घेऊन निघाला. मधल्या रेषेपलीकडे डोर्ला काठी टेकून उभी होती.

"बास्केट करायचीय असं ती तुला कधी म्हणाली होती?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"मी एकदा विचारलं होतं, जागा बदलू या का म्हणून. तर म्हणते, 'आणि तुला चेंडू कोण देणार? तुला तर हातात दिला तरी सापडत नाही.'" डोर्लानं मोकळा हात पुढे केला. "इकडे दे."

हार्लन जागीच थांबला. त्यानं खाली बघितलं. त्याच्या बुटांची टोकं रेषेला लागली होती. अशी उभी राहिलेली आर्लिस त्यानं किती वेळा बघितली होती. मुलगी कॉलेजला निघाली तेव्हा फाटकात. मुलगा सैन्यात गेला तेव्हा फाटकात. डबा हातात द्यायचा, कॉलर सारखी करायची आणि तिथंच थांबायचं. एक पाऊल पुढे नाही. तो चिडवायचा, "तिथं काय रेषा मारलीय?" ती हसायची आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशीही तिनंच त्याचा हात सोडला. म्हणाली, "जा तू आता. गुरं वाट बघत असतील." तो गेला. दारातून वळून बघितलं तेव्हा ती बघत होती.

हार्लननं चेंडू दोनदा आपटला आणि रेषेपलीकडे डोर्लाकडे फेकला. तिची काठी खाली पडली. चेंडू तिनं दोन्ही हातांनी धरला, वळली आणि मारला. तो कड्यावर आदळला, कडेकडेनं फिरला आणि बाहेर पडला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. डोर्लाही हसली, आणि मग तिनं डोळे पुसले. हार्लन रेषेवर उभा राहून बघत होता.

मुख्याध्यापक जवळ आले. "आणखी एक टाका ना, हार्लन. तुमचा राहिला."

"नको," तो म्हणाला.

जूनमध्ये क्रीडागृह पाडलं. आर्लिसच्या नावावर अजून एकही बास्केट नाही.